तिसरी स्नेअर

"तिसरी स्नेअर, तिसरी… वा, काय हात आहे," गुरुनाथ शेजवलकर हातातल्या रेकॉर्डरमध्ये इंग्रजीत म्हणाला आणि उलट्या पावलांनी झपझप मागे सरला, कारण गळ्यात स्नेअर ड्रम अडकवलेल्या सात मुलामुलींची रांग सरळ त्याच्या अंगावर चालून येत होती. "बाकीचे जोर लावतायत, ही मुलगी लावत नाही. मनगट बघा किती सैल सोडलंय. इतका हलका हात या उन्हाळ्यात मी कुणाचा ऐकला नाही. रांगेतल्या बाकीच्यांनी हिच्याकडून शिकावं."

रांग एकदम काटकोनात वळली. गुरुनाथने पोट आत घेतलं आणि तिला वाट दिली. चालत्या खेळात मैदानावर उतरून ड्रम तपासणाऱ्या परीक्षकाला कुणी बाजूला हो म्हणत नाही, त्यानेच आपला जीव सांभाळायचा असतो. साठी उलटली तरी हे त्याला अजून छान जमत होतं, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता.

ओहायोतल्या एका शाळेचं ते फुटबॉलचं मैदान होतं. जुलैचं ऊन संध्याकाळी सातलाही हटायला तयार नव्हतं. खेळ संपला, 'ह्युरॉन लँटर्न्स'ची मुलं मैदानाबाहेर गेली आणि गुरुनाथने त्यांच्या ड्रमवाल्यांना भरभरून गुण दिले. रेकॉर्डरमधली टेप, म्हणजे परीक्षकाचे शेरे, नेहमीप्रमाणे पथकाकडे गेली. लँटर्न्स हे गरीब, छोटं पथक. त्या दिवशी ड्रममध्ये ते त्यांच्या गटात पहिले आले. असं त्यांच्या नशिबी आजवर कधी आलं नव्हतं.

ड्रम कोअर म्हणजे काय, हे डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या मराठी मंडळींना समजावून सांगता सांगता गुरुनाथचे केस पांढरे झाले होते. "म्हणजे लग्नातला बँड का?" असं विचारणारे तरी परवडले. "मग त्याचं मिळतं किती?" असं विचारणाऱ्यांपुढे तो हात टेकायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दीडशे तरुण पोरं बसमधून गावोगाव फिरतात, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपतात, दिवसभर उन्हात कवायत करतात आणि संध्याकाळी बिगुलं, ड्रम आणि झेंडे घेऊन जेमतेम बारा मिनिटांचा एक खेळ करतात. त्याला परीक्षक गुण देतात. एकविशी-बाविशी आली की त्या रांगेतून बाहेर पडावं लागतं, पुन्हा तिथे उभं राहता येत नाही. एवढ्याशा गोष्टीपायी माणसं जन्मभर वेडी होतात आणि गुरुनाथ त्यांतला एक होता.

बारा वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर दादरहून डेट्रॉइटला आला. इंग्रजी अडखळत, डब्यातल्या भाजीला वर्गात सगळे नाक मुरडत. गल्लीच्या टोकाच्या चर्चमध्ये काही पोरं ड्रम बडवत असायची. तो दारात उभा राहून बघायचा, तर एक दिवस कुणीतरी त्याच्या हातात दोन स्टिक्स दिल्या. तिथे बोलावं लागत नव्हतं, हे त्याला फार बरं वाटलं. पुढे तो मोटार कंपनीत इंजिनियर झाला. गाडीचा दरवाजा का खडखडतो, इंजिन कुठे गुणगुणतं, हे शोधून काढायचं त्याचं काम. पण घराच्या बेसमेंटमध्ये पंचवीस वर्षं त्याने पोरं घडवली आणि नंतर परीक्षक झाला. नावच गुरू असल्यामुळे अमेरिकेत अर्धा दबदबा आयता मिळाला, उरलेला त्याने कमावला. "गुरूने माझं मनगट सोडवलं," असं सांगणारे ड्रमर आता स्वतः आजोबा व्हायला आले होते.

येत्या ऑगस्टमध्ये, अंतिम स्पर्धेच्या आठवड्यात, या खेळाला ज्यांनी आकार दिला त्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागायचं होतं. त्यात आजवर एकही हिंदुस्थानी नाव नव्हतं. नोव्हायच्या मराठी मंडळाला याचा सुगावा लागताच त्यांनी शाल-श्रीफळाची तयारी केली होती. अध्यक्षीणबाईंनी त्याच्या बायकोला, शोभनाला, फोन करून विचारलंही होतं, "नक्की कशाबद्दल मिळालंय, ते भाषणापुरतं लिहून पाठवाल का?"

आणि या माणसाला गेली तीन वर्षं बारीक आवाज ऐकू येत नव्हते. त्याच्या उमेदीच्या काळात ड्रम वाजवताना कानात बोळे घालणं म्हणजे भित्रेपणा समजत. त्याने कधी घातले नाहीत, आणि कानांनी त्याची किंमत सावकाश वसूल केली. जाड आवाज पोचायचे, पण स्नेअर ड्रमचा बारीक, कुरकुरीत, तांदूळ सांडल्यासारखा आवाज त्याच्यापर्यंत येईनासा झाला. कानाची यंत्रं त्याने घेतली होती, मात्र मैदानावर घातली की सगळ्याचा एकच कल्ला व्हायचा. म्हणून खेळाआधी तो ती काढून खिशात टाकायचा आणि डोळ्यांनी ऐकायचा. काठी किती उंच गेली, मनगट कसं वळलं, दोन हात बरोबर पडले की मागेपुढे, हे बघून आवाज कसा आला असेल ते त्याला कळायचं. निदान कळतं असं तो स्वतःला सांगत आला होता. शोभनाखेरीज हे कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, दोघं हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत बसली होती. त्याच मैदानावर संध्याकाळी दुसरा खेळ होता आणि गुरुनाथच परीक्षक होता. शोभना त्याला इशिताच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, नव्या अपार्टमेंटबद्दल सांगत होती. तेवढ्यात दारातून निधी आत येताना दिसली. गुरुनाथने चटकन दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि पेपर नॅपकिनखाली सरकवली. कोअरमधलं माणूस दिसलं की तो हे करायचाच.

निधी म्हणजे नोव्हायच्या रवी आणि रुपालीची मुलगी. गुरुनाथच्याच बेसमेंटमध्ये लहानाची मोठी झालेली, आणि आता लँटर्न्सच्या ड्रमवाल्यांची मुख्य शिक्षिका. एरवी ती आल्या आल्या काकांच्या गळ्यात पडायची. आज ती शोभनाला "गुड मॉर्निंग, काकू" म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"काका, मी एक विचारू? तुम्हाला माझा राग आला होता तर मला फोन करायचा ना. तिला का सुनावलंत?"

"कुणाला?"

"डेलनीला. थर्ड स्नेअर." निधीचा चेहरा लाल झाला होता. रागावली की ती मोठ्याने बोलायची, त्यामुळे त्याला बरंचसं ऐकू येत होतं, उरलेलं तो ओठांवरून उचलत होता. "तिचं रिस्ट गेलंय. लिगामेंट. डॉक्टर म्हणाले, एकही स्ट्रोक मारायचा नाही. पण काका, तिचं हे लास्ट इयर आहे. ऑगस्टमध्ये एज आउट. मी तिला घरी कशी पाठवू? मी तिला म्हटलं, तू एअर कर. सो इट्स ऑन मी."

एअर करणं म्हणजे वाजवण्याचं नाटक करणं. काठी सगळ्यांबरोबर उचलायची, सगळ्यांबरोबर खाली आणायची, पण ड्रमला टेकवायची नाही. रांगेत जागा रिकामी दिसणं ही या लोकांत फार मोठी नाचक्की. पोर आजारी असो, लंगडत असो, त्याला उभं करतील पण मैदानावर भोक पडू देणार नाहीत. म्हणून अशा वेळी सगळीच पथकं हे करतात आणि कुणी कुणाला बोलत नाही. लांबून बघणारा फसतो. जवळ उभा राहून ऐकणारा फसणं शक्य नसतं.

"आज सकाळी प्रॅक्टिसला निघताना बसमध्ये सगळ्यांनी तुमची टेप ऐकली," निधी म्हणाली. "आम्ही नेहमीच ऐकतो, मी सगळ्या मुलांसमोर लावते. आणि तुम्ही त्यात म्हणताय, इतका हलका हात मी कुणाचा ऐकला नाही, बाकीच्यांनी हिच्याकडून शिकावं. आधी सगळे हसले, काका. त्यांना वाटलं, गुरूने काय मस्त पकडलं. मग कुणीतरी तिच्याकडे बघितलं आणि सगळे गप्प झाले. शी वॉज जस्ट सिटिंग देअर. तुम्ही असे कधी बोलत नाही कुणाला. दॅट वॉज मीन, काका."

ती मुलगी वाजवतच नव्हती. आपण तिच्यापासून दोन हातांवर उभे होतो, आणि जो आवाज झालाच नाही त्याची तारीफ केली. काल दिलेले गुण, परवाचे गुण, गेल्या वर्षीचे गुण, सगळे गुरुनाथच्या डोळ्यांपुढून सरसर गेले. आणि त्याच वेळी त्याला दिसलं की निधीने स्वतःच्या हाताने पळवाट उघडून दिलीय. तिच्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. गुरूला ऐकू आलं नसेल, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"परीक्षकाला सगळं कळतं, निधी," तो म्हणाला. "पोरांना एअर करायला लावू नये. हे मी तुला शिकवलं होतं."

निधीने मान खाली घातली. "हो. शिकवलं होतं."

"मग?"

"सॉरी काका." थोडा वेळ ती टेबलाच्या कडेवर नख घासत राहिली. मग म्हणाली, "पण मग एवढे गुण कसे दिलेत?"

"ते बाकीच्या सहाजणांना दिले."

एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप सुचतं, त्याला फार विचार करावा लागत नाही. निधीने मान हलवली. तिला ते पटलं, आणि पटलं म्हणून गुरुनाथला जास्तच लाज वाटली.

"डेलनीने तिच्या आईला फोन केलाय," निधी उठता उठता म्हणाली. "ती टोलीडोहून निघालीय, दुपारी येईल. डेलनी घरी चालली. मी खूप समजावलं तिला. म्हणते, मला पुन्हा त्या मैदानावर उभं राहायचं नाही. फॉल्ट माझाच आहे, मी तुमच्यावर उगाच चिडले." जाताना ती शोभनाच्या खांद्यावर डोकं टेकवून गेली.

शोभना केळं सोलत होती. ते तिने तसंच बशीत ठेवलं, नॅपकिन उचललं आणि दोन्ही यंत्रं त्याच्यापुढे सरकवली.

"घाल आधी. मग बोलते."

त्याने घातली.

"ती पोरगी वाजवत नाहीये हे तुला कळलं होतं?"

गुरुनाथ कॉफीच्या कपात बघत राहिला.

"गुरू, मी काय विचारतेय?"

"नाही कळलं."

"मग तिची थट्टा केलीस असं निधीला का सांगितलंस?"

"मी असं काही म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस, तिला म्हणू दिलंस. ते काय वेगळं असतं?"

"ऑगस्टपर्यंतचा प्रश्न आहे, शोभना. तो समारंभ झाला की मी आपणहून बंद करणार आहे. आता बोललो तर काय होईल माहितीये? तीन वर्षांचे सगळे निकाल लोक उकरून काढतील. चाळीस वर्षं केलेलं सगळं राहील बाजूला, आणि बहिरा परीक्षक म्हणून जन्मभर माझ्यावर जोक होतील. तुला त्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही," शोभना म्हणाली. नागपूरहून लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात ती कुठल्या ना कुठल्या स्टेडियममध्ये टोपी घालून, पुस्तक वाचत बसत आली होती. "गेल्या वर्षीपण तू ऑगस्टच म्हणाला होतास, एवढं मात्र आठवतं. हे बघ, मला चालतं. दाराची बेल मी ऐकते, तुझे फोन मी घेते, इशिता काय बोलली ते तुला परत सांगते. संसारात एवढं चालतं. पण ती पोरगी कोण, कुठली. तिनं का म्हणून तुझे कान सांभाळायचे?"

गुरुनाथला तिचा मनस्वी राग आला. तो उठून खोलीत गेला, टीव्ही लावला, बंद केला, दाढी केलेली असून पुन्हा आरशात गाल चाचपून बघितले. मग खाली आला तर शोभना गाडीची किल्ली हातात घेऊन लॉबीत उभी होती. कुठे जायचं हे तिने विचारलं नाही.

लँटर्न्स एका शाळेच्या मागच्या मैदानावर सराव करत होते. सामानाच्या ट्रकच्या सावलीत डेलनी गवतावर बसली होती. शेजारी भरलेली बॅग, त्यावर गुंडाळलेली उशी, उजव्या मनगटाला पांढरा पट्टा. काल गणवेशाच्या रुंद बाह्यांखाली तो दिसला नव्हता. उंच, पिंगट केसांची, नाकावर उन्हाने सालपटं निघालेली मुलगी. गुरुनाथ येताना दिसताच तिने गुडघे जवळ घेतले.

"तू डेलनी ना? मी…"

"तुम्ही कोण ते मला माहीत आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "इथे सगळ्यांना माहीत आहे."

तो तिच्यासमोर गवतावर बसला. गाडीत येताना जुळवलेली वाक्यं सगळी पळून गेली होती.

"काल मी टेपवर जे बोललो, तो टोमणा नव्हता."

"मग काय होतं?"

त्याने दोन्ही कानांतली यंत्रं काढून तळहातावर धरली. "मैदानावर मी ही घालत नाही. घातली तर नुसता गोंगाट होतो. नाही घातली तर बारीक आवाज ऐकू येत नाही. तू वाजवत नव्हतीस, हे मला कळलंच नाही. मी तुझे हात बघून बोललो. मला खरंच वाटलं की तू सुंदर वाजवतेयस."

डेलनीचे ओठ हलले. ती काहीतरी म्हणाली, खाली बघत म्हणाली, आणि त्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने घाईघाईने यंत्रं परत कानात घातली, एक उलटं बसलं, ते काढून पुन्हा घातलं.

"पुन्हा सांगशील? आता ऐकू येतंय."

"मी विचारलं, किती दिवस झाले असं होऊन."

"तीन वर्षं होतील."

मैदानावर निधीने रांगेला पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं होतं. "माझं पहिलं वर्ष होतं," डेलनी म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी. इंडियानातला शो. तेव्हाही तुम्हीच होतात. टेपवर तुम्ही म्हणालात, हिचा डावा हात उजव्याइतकाच मऊ पडतो, दोन्हींत फरक ऐकू येत नाही. मी तेवढं वाक्य कापून फोनवर ठेवलंय. प्रत्येक शोच्या आधी ऐकते. मी ड्रम सोडून देणार होते त्या वर्षी. त्या वाक्यावर राहिले."

गुरुनाथला ती टेप आठवत नव्हती. इतक्या टेपा, इतक्या रांगा.

"ते तरी खरं होतं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. पोरीचं मन राखायला कुणीही म्हणालं असतं, आणि सकाळी असाच एक सोपा शब्द म्हणून तो इथवर आला होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"माहीत नाही?"

"तुझा डावा हात चांगला असेलही. निधी तुला शिकवते, म्हणजे असणारच. पण मी तो ऐकला होता की नुसता बघितला होता, हे मला आता सांगता येत नाही. मला माफ कर."

डेलनीने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. "निधीला सांगितलंत?" तिने विचारलं.

"आता सांगणार आहे."

"आणि बाकीच्यांना?"

"तू म्हणशील तर त्यांनाही सांगतो."

"मी कशाला म्हणू? ते तुमचं तुम्ही ठरवा."

पाणी प्यायची सुट्टी झाली तेव्हा गुरुनाथ रांगेपुढे जाऊन उभा राहिला. गळ्यातले ड्रम उतरवत असलेली मुलं त्याला बघून ताठ झाली, काहींनी टोपी काढली. त्याने डेलनीला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, थोडं अधिक आटोपशीर. टेपवर ऐकून हसलेला एक मुलगा बुटाकडे बघायला लागला. दुसऱ्याने फार अदबीने विचारलं, "सर, म्हणजे कालचे आमचे गुण…"

"कालचे गुण मी ऐकून दिले नव्हते," गुरुनाथ म्हणाला. "तुम्ही वाईट वाजवलंत असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच."

पहिल्यांदाच पहिली आलेली ती पोरं होती. त्यांच्या तोंडचा घास आपण काढून घेतोय, हे गुरुनाथला दिसत होतं, आणि तो घास आपणच खोटा भरवला होता, हेही.

निधी बाटली हातात धरून उभी होती. मुलं पांगल्यावर ती मराठीत म्हणाली, "सकाळी तुम्ही मला म्हणालात, परीक्षकाला सगळं कळतं."

"खोटं बोललो."

"मी सॉरी म्हटलं तुम्हाला."

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि मुलांच्या मागे निघून गेली. तिने त्याला काका म्हणून हाक मारली नाही, हे गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

मुख्य परीक्षक डग हॅन्ली स्टेडियमच्या खालच्या खोलीत संध्याकाळची तयारी करत होता. चर्चच्या त्या जुन्या पथकात हे दोघं शेजारी शेजारी उभे राहून वाजवायचे. हे काम शोभनाच्या मदतीने फोनवर उरकता आलं असतं, पण गुरुनाथ स्वतः गेला. डगने सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसला.

"गुरू, तुला वाटतं तू एकटा आहेस? आपल्या वयाच्या निम्म्या लोकांचं तेच आहे. कोण बोललंय का?"

"कुणी बोलत नाही, म्हणूनच."

"ऑगस्ट होऊ दे. मी तुला मैदानावर पाठवत नाही, वर काचेच्या खोलीत दुसरं काहीतरी देतो. तुझं नाव लागू दे. मग सावकाश आजारपणाचं कारण काढू."

गुरुनाथने रेकॉर्डर आणि गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

"मग मला कमिटीला कळवावं लागेल," डग म्हणाला.

"कळव."

"ते नाव मागे घेतील असं नाही. पण घेतलं तर…"

"तर घेतील."

डगने रेकॉर्डर ड्रॉवरमध्ये टाकला. मग तो गुरुनाथकडे वळला आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, तोंड नीट उघडून म्हणाला, "घरी. जाऊ. नकोस. शो. बघून. जा." त्याच्या मनात काळजीच होती. पण इतक्या वर्षांत तो गुरुनाथशी असा बोलला नव्हता, आणि यापुढे सगळे असेच बोलणार होते. टेबलावर ओळखपत्र ठेवताना जे लागलं नाही ते आता लागलं.

संध्याकाळी तो शोभनाशेजारी प्रेक्षकांत बसला. मैदान इतक्या वरून त्याने कधी बघितलं नव्हतं, सगळं फार लहान आणि फार नीटनेटकं दिसत होतं. खाली त्याच्या जागी एक तरुण परीक्षक रेकॉर्डर तोंडाशी धरून रांगांमधून पळत होता. शोभनाने आज पुस्तक आणलं नव्हतं. यंत्रं कानात होती आणि त्याला बहुतेक गोंगाटच ऐकू येत होता, तरी त्याने ती काढली नाहीत.

लँटर्न्सचं नाव पुकारलं गेलं. मुलं ओळीने आत आली, आणि गुरुनाथ नकळत उठून उभा राहिला. मागच्या बाईने त्याला बसायला सांगितलं असावं, कारण शोभनाने त्याची बाही ओढली. पहिली, दुसरी… तिसऱ्या जागेवर डेलनी होती.

गळ्यात ड्रम होता. पांढरा पट्टा तिने बाहीच्या वर घेऊन बांधला होता, या टोकापासून दिसेल असा. दोन्ही स्टिक्स तिने डाव्या हातात धरल्या होत्या आणि हात खाली सोडले होते. खेळ सुरू झाला तशा बाकीच्या सहाजणांच्या काठ्या वर गेल्या. तिच्या गेल्या नाहीत. ती त्यांच्याबरोबर पावलाला पाऊल लावून पुढे आली, वळली, मागे गेली, मान ताठ, हात तसेच. रांगेच्या जवळजवळ मध्याला, सगळ्या स्टेडियमसमोर, एवढं मोठं भोक पडलं होतं. पुढच्या बाकावरच्या दोन माणसांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. याचे गुण कापले जाणार होते, आणि ते डेलनीला माहीत होतं, निधीलाही माहीत होतं.

शोभना त्याच्या कानाशी झुकली. "ती तिसरी आज वाजवल्याचं नाटकही का नाही करत?"

"हात दुखतोय तिचा," गुरुनाथ म्हणाला.